देणगीचा हिशेब कोण विचारणार?

भाद्रपद जवळ आला की खारघरच्या सेक्टरासेक्टरांतून पावतीपुस्तके हिंडू लागतात. गणेशोत्सवामागून नवरात्र येते, नवरात्रामागून दिवाळीचे फराळवाटप येते, आणि मध्येच कोठे पूर आला वा दरड कोसळली तर जुन्या कपड्यांची गाठोडी सोसायट्यांच्या फाटकांशी येऊन पडतात. सिडकोने आखलेल्या या वसाहतीत पगारदार मध्यमवर्गाची वस्ती मोठी आहे आणि तो वर्ग कंजूष आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो देतो, वर्षातून अनेकदा देतो, आणि फारशी कुरकुर न करता देतो. मात्र दिलेल्या पैशाचे पुढे काय झाले, हे तो विचारीत नाही. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा गृहस्थ हजार रुपयांची पावती घडी करून खिशात घालतो आणि त्याच्या दृष्टीने ते प्रकरण तेथेच मिटते.

या व्यवहाराकडे पाहण्याची समाजवादी कार्यकर्त्याची रीत विचित्र आहे. दानधर्म म्हणजे शोषणाच्या जखमेवरची मलमपट्टी, अशी त्याची शिकवण. म्हणून इतरांच्या दानाची तो थट्टा करतो. आणि पूरग्रस्त निधी, संपकरी कामगारांचा निधी, साप्ताहिकाचा निधी यांसाठी तोही त्याच दारांत पावतीपुस्तक घेऊन उभा राहतो. त्या पैशाचा जमाखर्च तो चोख ठेवतो, याबद्दल शंका नाही. परंतु जमाखर्च चोख असणे वेगळे आणि त्या पैशाने कोणाच्या आयुष्यात काय फरक पडला हे सांगता येणे वेगळे. लोकांना परिणामकारक दानाची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न म्हणूनच प्रथम कार्यकर्त्याच्या अंगणात येतो.

यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. खारघरच्या सेक्टर २२ मध्ये टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन व उपचार संस्था आहे. तेथील रुग्णालयात मुंबईबरोबरच विदर्भ, मराठवाडा, बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल येथून माणसे येतात. त्यांत लहान मुलांची संख्या लक्षणीय आहे. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे अनेक प्रकार असे आहेत की उपचार पुरते झाले तर मूल बरे होण्याची शक्यता मोठी असते. अडचण ‘पुरते’ या शब्दात आहे. हे उपचार दोन-अडीच वर्षे चालू शकतात, आणि त्यांतील पहिले काही महिने कुटुंबाला रुग्णालयाच्या आसपासच राहावे लागते. बाप गावाकडची मजुरी सोडून येतो, घरी राहिलेली भावंडे आजीच्या गळ्यात पडतात, शहरातील भाड्याची खोली दोन महिन्यांत साठवलेले सारे गिळून टाकते. मग एके दिवशी, गाठ थोडी उतरली, ताप गेला, मूल हसू-खेळू लागले, की ते कुटुंब गाडीत बसून परत जाते. काही महिन्यांनी आजार उलटतो, आणि त्या वेळी डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरलेले नसते.

टाटा रुग्णालयाच्या बालविभागात २००९ च्या सुमारास दर पाच मुलांमागे सुमारे एक मूल अशा रीतीने उपचार नाकारीत वा अर्धवट सोडीत असे. औषध ठाऊक होते, डॉक्टर होते, यंत्रे होती, तरी पाचवे मूल निसटत होते. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास आले. त्यासाठी कोणतेही नवे औषध सापडले नव्हते. कुटुंबाला राहण्याची जागा, शिजवून खाण्याची सोय, औषधांना व रक्ताला मदत, आणि उपचाराच्या तारखेला मूल आले नाही तर गावी फोन करून ‘का आला नाहीत’ असे विचारणारा एक पगारी समाजसेवक, एवढ्याच गोष्टींची शिस्तीने जुळवाजुळव झाली. बाहेरगावच्या अशा कुटुंबांना विनामूल्य निवारा देणाऱ्या सेंट ज्यूड संस्थेचे केंद्र खारघरमध्येही आहे. त्याच्या आसपास राहणाऱ्या किती कुटुंबांना तेथे काय चालते हे ठाऊक आहे?

देणगीदाराचे मन येथे अडते. यंत्र देता येते. त्याच्यावर नाव कोरता येते, फीत कापता येते. एक दिवसाचे अन्नदान देता येते; त्याचे छायाचित्र निघते. तारखेला न आलेल्या मुलाच्या बापाला फोन करणाऱ्या माणसाचा पगार मात्र कोणी देऊ इच्छीत नाही. ‘आमचा पैसा पगारावर, ऑफिसखर्चावर जाता कामा नये’ हे वाक्य सुशिक्षित देणगीदार मोठ्या बाणेदारपणाने उच्चारतो, आणि ते आपल्या चोखंदळपणाचे लक्षण आहे असे त्याला वाटते. वस्तुतः त्या पगारावरच त्या मुलाचा जीव लोंबकळत असतो. संस्थेचा प्रशासकीय खर्च किती टक्के, हा प्रश्न सोपा आहे म्हणून सारे तोच विचारतात. एका रुपयाने किती मुले उपचार पुरा करून घरी गेली, हा प्रश्न अवघड आहे. पण विचारायचा तो हाच. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यालाही सीमान्त उपयोगितेचा नियम येतो. पुढचा रुपया कोठे पडला असता सर्वांत जास्त फळ देईल, एवढेच त्यात पाहावयाचे असते. दान देताना मात्र प्राध्यापकही तो नियम विसरतात.

याच टाटा केंद्राच्या कामातील दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेला एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. दहावीपर्यंत शिकलेल्या वस्तीपातळीवरील आरोग्य-कार्यकर्त्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले गेले. त्या दर दोन वर्षांनी स्त्रियांच्या गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातील शिरकाच, लावून तेथील पेशींत होणारा पांढरा बदल डोळ्यांनी तपासीत. बारा वर्षांच्या अखेरीस, तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. २०१३ मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा जगाने त्यांची दखल घेतली. तुलनेसाठी घेतलेल्या गटातील स्त्रियांना ही तपासणी इतकी वर्षे का दिली नाही, अशी टीकाही त्यावर झाली, आणि ती टीका उडवून लावण्यासारखी नाही; गरिबांच्या शरीरावर पुरावा गोळा करताना श्रीमंतांनी किती सावध असावे हा प्रश्न त्यातून उरतोच. परंतु एक गोष्ट निर्विवाद झाली. महागड्या प्रयोगशाळेवाचून, शिरक्याची बाटली आणि एक शिकवून तयार केलेली बाई यांच्या बळावर मृत्यू टाळता येतात. शिरक्याच्या बाटलीवर नाव कोरण्याची सोय नाही, ही तिची दुर्दैवाने मोठीच उणीव आहे.

पाश्चात्त्य देशांत या विचाराला गेल्या काही वर्षांत चळवळीचे रूप आले. पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा त्यामागचा मूळ निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या लाखो निर्वासितांच्या हालअपेष्टांवरून सुचलेला होता, हे येथे फार थोड्यांना ठाऊक असते. डोळ्यांदेखत बुडणाऱ्या मुलाला वाचवणे हे कर्तव्य असेल, तर दूर देशी मरणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते कमी कसे होते, असा त्याचा सवाल होता. २००९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये टोबी ऑर्ड यांनी मिळकतीचा दहावा हिस्सा परिणाम सिद्ध झालेल्या कार्याला देण्याच्या प्रतिज्ञेची संस्था काढली. येथवर सारे आदरणीय आहे. पुढे मात्र या विचाराला एक फाटा फुटला: कसेही करून खूप मिळवा आणि मग खूप द्या. त्या फाट्याचा लाडका तरुण अब्जाधीश सॅम बँकमन-फ्रीड याचा आभासी चलनाचा बाजार २०२२ मध्ये कोसळला, २०२३ मध्ये तो फसवणुकीबद्दल दोषी ठरला आणि २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. पैसा कोठे जातो याचा हिशेब जितका कडक, तितकाच तो कोठून येतो याचाही हवा. हे मात्र समाजवाद्यांना कोणी शिकवावयास नको.

समाजवादी मनाचा खरा आक्षेप निराळा आहे. गरिबाला उपचार, शिक्षण, काम मिळणे हा त्याचा हक्क. तो कोणाच्या दयेवर का सोडावा? आक्षेप रास्त आहे. परंतु दान आणि हक्क यांना परस्परांचे शत्रू मानणाऱ्यांनी इतिहासाकडे पाहावे. पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्यावर सर दोराबजी टाटा यांच्या मनात जे बीज पडले, त्यातून त्यांच्या न्यासाने १९४१ मध्ये परळला टाटा रुग्णालय उभारले. ते १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले, आणि आज खारघरात जे उभे आहे ते सार्वजनिक पैशावर चालते.

गडचिरोलीची कथा त्याहून महत्त्वाची. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, श्वास कोंडला तर उपाय करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, ही कामे त्या करू लागल्या. शेजारच्या, ही सोय नसलेल्या खेड्यांशी ताडून पाहता नवजात अर्भकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. खर्च एका बाळामागे सव्वापाच डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने दोनशे रुपयांच्या आसपास आला, आणि दर अठरा बाळांमागे एक मृत्यू टळला. गुणाकार कोणीही करून पाहावा. एक जीव चार हजार रुपयांच्या आतबाहेर वाचला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे सारे आकड्यांनिशी प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने नवजात बाळाच्या घरगुती काळजीचे काम ‘आशा’ सेविकांकडे देशभर सोपवले. आशांना त्याचा मोबदला किती तुटपुंजा मिळतो आणि त्यासाठी त्यांना किती वेळा रस्त्यावर उतरावे लागते, हा वेगळ्या अग्रलेखाचा विषय आहे. पण एका कोपऱ्यातील प्रयोगाने सरकारला ‘हे होऊ शकते’ हे आकड्यांनी दाखवून दिले आणि ‘पैसा नाही’ ही सबब काढून घेतली. हक्काच्या मागणीला पुरावा पुरवणारे दान आणि हक्काचा विसर पाडणारे दान यांतला भेद कार्यकर्त्याला कळला पाहिजे.

महाराष्ट्रातील पगारदाराच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला अडीच हजार रुपये व्यवसायकर म्हणून कापले जातात. हा कर १९७५ च्या कायद्याने बसला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेल्या, १९७७ मध्ये कायद्याने हक्क बनलेल्या आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला वाट दाखविणाऱ्या त्या योजनेसाठी शहरातील नोकरदाराने दिलेले ते देणे होते. कापला जाणारा कर कशासाठी बसवला हे खारघरच्या नोकरदाराला आज कोणी सांगत नाही. कापणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. त्याला ते सांगणे ही परिणामकारक दानाची पहिली ओळख होऊ शकते. आपण आधीच देत आहोत हे कळलेला माणूस त्याचे काय झाले हे विचारण्यास लवकर तयार होतो.

एक दान तर असे आहे की त्यात खिशातून एक रुपयाही जात नाही. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवावयाच्या असतात व बिलांच्या रकमेतील दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकावयाचे असतात. ओवे गावातील मजुराला किंवा खारघरच्या डोंगरावरील आदिवासी वाडीतील माणसाला हे कोण सांगणार? उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, अर्ज घेऊन त्याच्याबरोबर खिडकीशी उभा राहणारा कार्यकर्ता एका दुपारी जे मिळवून देतो, ते कित्येकदा वर्षभराच्या वर्गणीतून मिळणार नाही. निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक, टंकलेखक अशी माणसे खारघरात प्रत्येक इमारतीत आहेत. त्यांच्याकडे पैशापेक्षा वेळ आणि अर्ज भरण्याची हातोटी जास्त आहे, आणि ते मागण्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता राहिला ओळख करून देण्याच्या रीतीचा प्रश्न. कार्यकर्त्याची नेहमीची चूक ही की तो उपदेशाने सुरुवात करतो. मंडळाच्या बैठकीत उभे राहून रोषणाईवरील खर्चावर टीका करणारा माणूस मनातून बरोबर असला तरी सभेतून एकटाच बाहेर पडतो. दहावा हिस्सा द्या, असे पहिल्याच भेटीत सांगणाऱ्याचीही तीच गत होते. महाराष्ट्राला या बाबतीत बाहेरच्या गुरूची गरज नव्हती. गाडगे महाराज गावात आले की आधी हातात खराटा घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहिले की श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत. उत्तर श्रोत्यांच्या तोंडून यावयाचे. त्यांनी मंदिर बांधले नाही, धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयातील रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना आजही अल्प दरात आसरा देते. उपचार अर्धवट सोडण्याविषयी आज आकड्यांनी जे सिद्ध होते, ते त्या निरक्षर म्हणवणाऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहिले होते.

अल्प देणगीतून मोठे काम उभे करण्याची परंपराही येथे जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मूठमूठ धान्यावर वसतिगृहे चालविली. चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्यांना मानधन मिळावे म्हणून डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर, बाबा आढाव यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला आणि त्यासाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. कार्यकर्त्याचा पगार हाच कामाचा कणा, हे तेव्हा समाजवाद्यांना पटले होते. अलीकडे ‘लोकसत्ता’ २०११ पासून गणेशोत्सवात दरवर्षी निवडक संस्थांची ओळख करून देतो, पुण्यात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरते, आणि दोन्हींना वाचकांचा व पुणेकरांचा भरघोस प्रतिसाद मिळतो. कोणी विश्वासाने पारखून दिले तर लोक देतात, हे त्यातून दिसते. तथापि ओळख म्हणजे पारख नव्हे. अशा उपक्रमांतून संस्थेची तळमळ कळते, तिच्या संस्थापकाचा त्याग कळतो. दोन संस्थांपैकी कोणत्या संस्थेचा रुपया अधिक दूर जातो हे सहसा कळत नाही. त्यागाची कथा सांगणे मराठी माणसाला आवडते. निकालाची विचारणा त्याला उद्धटपणाची वाटते.

धार्मिक देणगीकडे नाक मुरडण्याचीही एक सवय आहे. खारघरच्या सेक्टर २३ मध्ये १५ जानेवारी २०२५ रोजी इस्कॉनच्या भव्य मंदिराचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा ती अनेकांनी मुरडली. त्याच खारघरात २०१८ पासून श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर एकही रुपया न घेता शस्त्रक्रिया होतात, आणि तेथील पैसा बऱ्याच अंशी भक्तांचा असतो. नास्तिकाला हे गैरसोयीचे वाटेल. पण कसोटी एकच लावावयाची ठरवली की ती सर्वांना लागू होते. देणाऱ्याच्या श्रद्धेवरून देणगीचे मोल ठरत नाही, आणि पक्षाच्या निधीलाही मग त्या कसोटीतून सूट मिळत नाही.

म्हणून सुरुवात लहान असावी. खारघरच्या एखाद्या सोसायटीच्या उत्सव समितीत कार्यकर्त्याने सभासद म्हणून जावे, मंडप घालण्याच्या कामाला हात लावावा, आणि जमाखर्च मांडला जाईल तेव्हा उरलेल्या शिलकीपुरता एकच ठराव आणावा: शिलकीचा काही भाग एकाच कामाला, एकच वर्ष. त्यापूर्वी समितीतील चार-पाच जणांनी जवळच्या दोन संस्थांत जाऊन प्रत्येकीला तेच तीन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी किती लोकांसाठी काय बदलले? ते तुमच्यावाचून बदलले नसते हे कशावरून? आणखी दहा हजार मिळाले तर त्यांचे नेमके काय कराल? यातील दुसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. त्याचे उत्तर चाचरत देणारी संस्था पुष्कळदा तोंडपाठ उत्तर देणाऱ्या संस्थेहून भरवशाची निघते. पुढच्या वर्षी आरतीआधी पाच मिनिटे त्या पैशाचे काय झाले ते वाचून दाखवावे, काम फसले असेल तर तेही. आणि हे करण्याआधी पक्षाच्या पनवेल तालुक्यातील शाखेने आपल्या मागील पूरनिधीबद्दल तेच तीन प्रश्न स्वतःला विचारून त्यांची उत्तरे या साप्ताहिकाकडे पाठवावीत. ती याच पानावर छापली जातील.